पोतं आणि भिंत

उलवे,
१८ जानेवारी २०२६

ती. मामांस,


परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तात्यांच्या हत्यारांचं काय केलंस?" मी "नीट आहेत" म्हणून विषय बदलला. तेव्हा लाज वाटली, म्हणून आता सगळं लिहूनच कळवते.

तुम्ही तात्यांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, हत्यारांचं पोतं हवाली केलंत तेव्हा मला वाटलं होतं, इतकी देखणी हत्यारं पोत्यात कोंबून ठेवणं हा आजोबांचा अपमान आहे. मी ड्राय बाल्कनीतलं वॉशिंग मशीन बाथरूमजवळ हलवलं, भिंतीवर प्लायवुड ठोकलं आणि मोबाइलवर पाहिलेल्या परदेशी गॅरेजांसारखं एकेक हत्यार खिळ्याला टांगलं. प्रत्येकाभोवती पेन्सिलने त्याची आकृतीही काढली. आल्यागेल्याला ती भिंत दाखवायचे. तिच्यावरची करवत काढून एक फळीही कापली नव्हती, हे कुणाच्या लक्षात येत नसे.

मग जून आला. इकडे खाडी, तिकडे न्हावा-शेवाचं बंदर. पावसाळ्यात इथल्या हवेला चव असते म्हटलं तरी चालेल. मिठाचा बारीक कण लोखंडावर बसतो आणि हवेतली ओल ओढून घेतो. पंधरा दिवसांत सहाही पटाश्या तांबूस झाल्या.

इथे मी शहाणपणा केला. आमचं ऑफिस कंटेनरचे कागद करतं. कंटेनरच्या आतली वाफ रात्री थंड छताला लागून मालावर ठिबकते, म्हणून आत ओल शोषणाऱ्या थैल्या टांगतात. तसली एक न वापरलेली थैली मी मागून आणली आणि पटाश्यांच्या वर टांगली. तिच्यात कॅल्शियम क्लोराइड असतं. ते इतकं पाणी पितं की शेवटी स्वतःच त्यात विरघळतं. माझी थैली तळाला जरा उसवलेली होती. म्हणजे गंज लागू नये म्हणून मी हत्यारांवर खारट पाण्याची संततधार धरली, मामा! रुंद पटाशीला पडलेले खड्डे अजून आहेत. टर्पेंटाइन लावून, पॉलिश पेपरने घासून बाकीच्या वाचल्या.

घासता घासता पोत्याची आठवण आली. पटाश्यांच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचे तुकडे होते, करवतीच्या दातांवर चिरलेला बांबू, आणि सगळ्यात वर तेलकट चिंध्यांचा बोळा. ओसरीवर बसले की आजोबा न बघता हात घालायचे आणि हवं ते हातात यायचं, कारण कामाला जे आधी लागतं ते वर. आधी पट्टी, गुण्या, खतकस; मग करवत; मग पटाश्या; तळाला रंधे आणि वाकस. माझ्या भिंतीवर सगळं दिसत होतं, पण करवतीशेजारी रंधा का, याला उत्तर एकच होतं: तिथे जागा होती.

तरी पोतं जसंच्या तसं इथे चालणार नाही. आजोबांना फलटणच्या कोरड्या हवेत ते चाललं. उलव्यात गोणपाटच ओल धरून बसेल. म्हणून झाकणाची पेटी केली, पण आतला क्रम आजोबांचा ठेवला. वरच्या उचलत्या ट्रेमध्ये आखणीची हत्यारं, खाली खाचांत करवती आणि पटाश्या, तळाला रंधे. रंध्याच्या पुढच्या टोकाखाली बोटभर पट्टी आहे, पातं लाकडाला टेकत नाही. चिंधीला शिलाई मशीनचं तेल. कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी. ती ओल धरते, पण कोरडीच राहते. स्क्रू मात्र आईच्या जुन्या मिसळणाच्या डब्यात, सात वाट्यांत सात मापं. (आईला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.)

पेटी आणि माझा सुतारकामाचा बाक, दोन्ही पॅकिंगच्या पाइनचे. बंदरामुळे इथल्या भंगारवाल्यांकडे हे लाकूड ढिगाने येतं, मात्र घेताना शिक्का वाचावा लागतो. परदेशी जाणाऱ्या खोक्यांवर आणि पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह डागलेलं असतं, सोबत देशाची दोन अक्षरं. 'एचटी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटं तापवलेलं आहे, म्हणजे आतली कीड मेली. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची विषारी धुरी दिलेली. ते मी घरात आणत नाही. भंगारवाला म्हणतो, लाकूड ते लाकूड. त्याला चार फळ्या उलट्यापालट्या करणाऱ्या बाईचा कंटाळा येतो, पण आता तोच शिक्का वर करून ठेवतो.

तुम्ही हसाल, सुताराच्या नातीला उभ्याने काम करायला बाक कशाला? आजोबा फळी पायाच्या अंगठ्यात धरत, तोच त्यांचा शिकंजा. मी करून पाहिलं, दहा मिनिटांत कंबर धरली आणि करवत भलतीकडे गेली. तो अंगठा साठ वर्षांच्या सवयीचा होता. म्हणून बाक माझ्या मनगटाच्या उंचीचा केला, तीस इंच. पाइन हलकं, पहिल्याच दिवशी रंधा मारताना बाक माझ्यापुढे सरकत रेलिंगपर्यंत गेला. मग खालच्या आडव्या पट्ट्यांवर फळी टाकून हत्यारांची पेटी तिथे ठेवली. तेव्हापासून आजोबांच्या लोखंडाने तो जागचा हलत नाही. पायांखाली रबर घातलंय, खालच्या मजल्यावरच्या काकूंसाठी.

भिंतीवर आता फक्त पेन्सिलच्या आकृत्या उरल्यात. रंग द्यायचा राहून जातोय.

वाकसाचा दांडा खिळखिळा झालाय. इथे मिळतात ते कसल्या लाकडाचे कळत नाही, तुम्ही बांधावरच्या बाभळीचा एक तासून आणा. एस.टी.ने पनवेलला उतरा, लोकलने बेलापूर, तिथून उरणची गाडी धरून बामणडोंगरीला या. मी स्टेशनवर येईन. दांडा लांब असू द्या, माझ्या हाताला बेतून इथेच कापू.

मामींना नमस्कार.

तुमची,
भाची