हराळी, सराटा आणि बोका

आमच्या खराडीच्या घरात मांजर कुणी मुद्दाम आणलं नव्हतं. कणगीत ज्वारी-बाजरी होती, तिच्यामागं उंदीर आले आणि उंदरांमागं मांजर. बैल आजारी पडला तर बाप रात्रभर गोठ्यात बसायचा, पण मांजराचं औषधपाणी करायची रीत नव्हती. ते काम एकटी आजी करायची. आपल्या हातून मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, असं जुनी माणसं म्हणत. तेवढं सोनं आमच्या सात पिढ्यांत नव्हतं. त्यामुळंच की काय, मांजराच्या दुखण्यात आजी जातीनं लक्ष घालायची.

लक्ष घालायची म्हणजे आधी नुसती बघत बसायची. खाल्लं का, पाणी प्यालं का, अंग चाटतंय का, शी-मूत कुठं करतंय. "आरं, मांजार दुखणं दावत न्हाई. अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसलं की समजायचं," म्हणायची. मग चुलीमागं उबेला गोणपाट टाकायची. पोरांना तिकडं फिरकू द्यायची नाही. दूध बंद. मांजर म्हटलं की लोकांना दूध आठवतं, पण मोठ्या मांजराला ते बऱ्याचदा पचत नाही, हगवण लागते. घरात मटण शिजत असलं तर कांदा, मीठ, मसाला पडायच्या आधी वाटीभर पाणी काढून ठेवायची. बोक्यांच्या भांडणात जखम झाली तर उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं धुवायची. डोळे चिकटले तर साध्या कोमट पाण्याचा बोळा.

बाकी औषध मांजर आपलं आपण शोधायचं. बांधावर जाऊन हराळीची पाती खायचं. कधी त्यानंतर केसांचा गोळा ओकून टाकायचं, कधी काहीच व्हायचं नाही. ही सवय मांजराच्या रानटी पूर्वजांपासून आलेली असावी आणि गवतामुळं आतड्यातले जंत बाहेर पडायला मदत होत असावी, असं अलीकडं कॅलिफोर्नियातल्या अभ्यासकांनी मांडलंय. आजी एवढंच म्हणायची, "त्याला कळतंय, खाऊ दे."

हे सगळं सांगितलं की लोकांना वाटतं, काय ते जुनं ज्ञान! पण पुढचंही सांगितलं पाहिजे. पिल्लं मरायचीही पुष्कळ. ओकारी-हगवणीची साथ आली की चार दिवसांत अख्खं वेत जायचं आणि आजी पदरानं डोळे पुसत बसायची. तसल्या एका साथीच्या रोगावर आता लस मिळते. ती तेव्हा आमच्यापर्यंत आली असती, तर आजीनं पहिल्या दिवशी टोचून आणली असती.

1997 साली खराडी पुणे महापालिकेत गेली. मुळा-मुठेच्या काठच्या रानांवर पुढं ईऑनसारखे आयटी पार्क उभे राहिले. बैल गेले, कणग्या गेल्या. मांजरं मात्र राहिली, ती आता बाराव्या मजल्यावर राहतात. तिथली पोरं मला काका म्हणतात आणि गावातला म्हातारा म्हणून गावठी औषध विचारायला येतात.

अशीच एक पोरगी संध्याकाळी आली. म्हणाली, "काका, तुमच्याकडं गोखरू मिळेल का? काढा करायचाय."

गोखरू म्हणजे आमचा सराटा. उभा जन्म अनवाणी पायांनी त्याचे काटे सोसलेत. मूतखड्याला त्याचा काढा देतात, हेही ठाऊक होतं. विचारलं, "कुणाला हवाय?"

"आमच्या बोक्याला. कालपासून वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय. आधी वाटलं शी होत नाही, म्हणून थोडं एरंडेल दिलं. आता वाटतंय लघवीचं काहीतरी आहे."

मी तिच्याबरोबर वर गेलो. बोका ट्रेमध्ये बसला होता, कुंथायचा आणि ओरडायचा. वाळू कोरडी. पोटाला हलकेच हात लावला तर खाली लिंबाएवढं टणक लागलं. मला एकदम बैल आठवला. बैलाचं मूत तुंबतं तेव्हा तो असाच शेपटी उचलून कुंथतो आणि थेंब पडत नाही. नराची मूत्रनळी अरुंद, त्यात खडा नाहीतर गाळ अडकतो. शेतकऱ्याला हे दुखणं चांगलं ठाऊक असतं, कारण त्यात बैल हातचा जातो.

म्हटलं, "पोरी, काढा राहू दे. पाटाच्या तोंडाला दगड बसलाय. वरून आणखी पाणी सोडलंस तर पाट फुटंल. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं चल."

"सकाळी नेलं तर?"

"सकाळ बघायची न्हाई."

रिक्षात बोका तिच्या मांडीवर होता. आता तो ओरडतही नव्हता, त्याचीच भीती वाटत होती. डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली आणि लालसर मूत बाहेर आलं. म्हणाले, अशा तुंबलेल्या बोक्याची मूत्रपिंडं एक-दोन दिवसांत निकामी होतात, जीव जातो. तीन दिवस दवाखान्यात ठेवून बोका घरी आला.

मग आजीचं औषध कामाला आलं. जास्त पाणी पोटात जावं म्हणून डॉक्टरांनी ओलं खाणं सांगितलं होतं. मी चिकनचं बिनमिठाचं, बिनकांद्याचं पाणी करायला सांगितलं. पाण्याची भांडी घरात तीन ठिकाणी ठेवली, ट्रेपासून लांब. निवांत कोपरा केला. रोज किती मुततोय ते बघायला लावलं. ही सेवा खरीच उपयोगी, पण ती नळी निघाल्यावरची.

त्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट समजावली. मांजराचं यकृत आपल्यासारखं नाही, कितीतरी पदार्थांचं विष त्याला उतरवता येत नाही. शिवाय अंगाला लावलेलं सगळं ते चाटून पोटात घेतं. म्हणून पिसवांवर कडुनिंबाचं तेल, सर्दीला कापूर-नीलगिरी, फरशीला फिनेल, हे आपल्याला साधं वाटतं पण त्याला घातक ठरू शकतं. कांदा-लसणानं त्याचं रक्त बिघडतं. आमच्याच गल्लीत एका घरी तापावर माणसाची पॅरासिटामॉलची गोळी दिली. हिरड्या तपकिरी पडल्या, तोंड सुजलं आणि भाटी गेली. गोळी कारखान्यातली, कापूर देवघरातला. मांजराच्या पोटाला त्यात फरक नाही.

आता कुणी विचारायला आलं की मीच आधी विचारतो: शेवटचं खाल्लं कधी? मुतलं कधी? दिवसभर काही खाल्लं नसेल किंवा बोका मुतत नसेल, तर माझ्याकडं औषध नाही, दवाखान्याचा रस्ता आहे. बाकी किरकोळ असेल तर ऊब, पाणी, फणीनं केस विंचरणं, आणि बघत बसणं.

आणि हराळी देतो. सोसायट्यांच्या बागेत तणनाशक मारतात, तिथलं गवत मांजराला चालत नाही. म्हणून जी हराळी मी चाळीस वर्षं कुदळीनं खणून बांधाबाहेर फेकली, ती आता गच्चीवर कुंड्यांत लावलीय. रोज पाणी घालतो. बायको हसते. म्हणते, "रान व्हतं तवा उपटायचा, आता दारात लावतुया."