फोटोतलं घर

‘चेकिंग’ या शब्दाचा महिमा हॉस्टेलवाल्यांना वेगळा सांगायला नको! कुणकुण लागली की हीटर गादीखाली जातो, दोरीवरचे कपडे गायब होतात आणि रूम मंदिरासारखी दिसू लागते. तपासणारा समोर दिसतं तेवढंच तपासतो, हे ज्ञान आपल्याला पहिल्याच सेमिस्टरला मिळतं. पण हाच प्रकार एखाद्याच्या घराच्या बाबतीत झाला तर?

माझा तालुका कोरपना, जिल्हा चंद्रपूर. आमच्या जमिनीत चुनखडी, म्हणून गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथे सिमेंटचे मोठमोठे कारखाने. आणि त्याच तालुक्यात कोलामांचे गुडे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती. कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमाती. त्यांच्यासारख्या देशभरातल्या जमातींसाठी 15 नोव्हेंबर 2023 ला पीएम-जनमन अभियान सुरू झालं आणि त्यात घरामागे 2 लाख रुपये ठरले. पंतप्रधान आवास योजनेत (ग्रामीण) हीच रक्कम सपाट भागात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागात 1 लाख 30 हजार ठरली होती.

आता सरकार पैसा देणार म्हणजे हिशोब मागणारच, आणि मागायलाच हवा. 1985 पासून चाललेल्या इंदिरा आवास योजनेची जागा 2016 मध्ये नव्या योजनेने घेतली, तेव्हा मोबाईल आला. आधी जुन्या घराचा फोटो, मग जागेचा, मग जोता, लिंटेल, छत आणि शेवटी पूर्ण घर. प्रत्येक फोटोवर अक्षांश-रेखांशाचा शिक्का. फोटो चढला की पुढचा हप्ता थेट खात्यात. सिस्टीम चांगलीच आहे. न बांधलेलं घर कागदावर उभं करणं तिने अवघड केलं. हे मी मनापासून म्हणते.

पण सिव्हिलवाल्यांनो, एक सांगा. काल ओतलेला स्लॅब आणि नीट पाणी मारलेला स्लॅब, फोटोत ओळखता येईल का? आयएस 456 आपण घोकलंय : साध्या सिमेंटला किमान 7 दिवस क्युरिंग, फ्लायअॅशवाल्या सिमेंटला 10 दिवस. आमच्याकडे काम जोरात चालतं ते उन्हाळ्यात, पावसाआधी. ज्या गुड्यावर एप्रिल-मे मध्ये प्यायचं पाणी डोक्यावरून आणावं लागतं, तिथली बाई हंडा चुलीपाशी ठेवेल की स्लॅबवर ओतेल? तुम्हीच सांगा! सिमेंट तालुक्यातच तयार होतं हो, पण त्याला ताकद पाणीच देतं. आणि पाण्याचा फोटो कोणी मागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हप्ता. फोटो उशिरा निघाला किंवा पैसा अडकला, तर भिंती लिंटेलपर्यंत येऊन थांबतात. कुडाचं घर तर आधीच मोडलेलं! मग पावसाळा ताडपत्रीखाली. स्क्रीनवर मात्र एवढंच दिसतं, ‘काम अपूर्ण’. अपूर्ण कोणामुळे, हे त्या रकान्यात येत नाही. तपासणी लाभार्थ्याचीच होते, देणाऱ्याची कमी.

गंमत म्हणजे यावरचा उपाय नियमातच लिहिलाय. प्रत्येक टप्प्यावर शक्यतो 10 टक्के घरं तालुक्याच्या आणि 2 टक्के घरं जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी स्वतः जाऊन बघायची. गावात वर्षातून एकदा तरी सामाजिक अंकेक्षण करायचं, म्हणजे गावकऱ्यांनीच सर्वांसमोर हिशोब विचारायचा. माझ्या मते खरी तपासणी हीच. मोबाईल सांगतो घर कुठे आहे. माणूस गेला तर कळतं की घर कसं आहे, आणि त्यात कोणी राहतं का. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी ‘हाऊस’ आणि ‘होम’ यातला फरक पाठ करून घेतला होता, त्याचा अर्थ मला गुड्यावर गेल्यावर लागला.

आपल्यातलेच काही जण उद्या पंचायत समितीत ग्रामीण गृहनिर्माण अभियंता होतील. पॅकेजच्या गप्पांत या नोकरीचं नाव निघत नाही, माहीत आहे! पण जो कोणी तिथे जाईल त्याला एवढीच विनंती, फोटो काढायच्या आधी भिंतीवर हात ठेवून बघ. आणि दारातल्या माणसाला विचार, ‘काका, पाणी आहे का? हप्ता आला का?’ अॅपमध्ये या प्रश्नांसाठी रकाना नसला तरी चालेल, आपल्या वहीत लिहून घे आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेव.