वीर येथील वह्यांची पेटी

रोह्याहून दक्षिणेस निघालेली कोंकण रेल्वेची गाडी माणगांव व गोरेगांव रोड हीं स्थानकें मागें टाकते, त्यानंतर वीर हें स्थानक येतें. १९९३ सालीं रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला, आणि १९९५ सालीं मार्ग खेडपर्यंत जाईतों लोहमार्गाचा शेवट येथेंच होता. महाड शहरास स्वतःचें स्थानक नाहीं. म्हणून महाडास जाणारे, रायगड चढणारे व पोलादपुराकडे वळणारे कित्येक उतारू येथें उतरतात, आणि बहुतेक जण गांवाकडे दृष्टि न टाकतांच वाहनांत बसतात. आम्हीहि रायगडासाठींच निघालों होतों. परंतु एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहास्तव येथें दोन दिवस राहिलों, आणि गडाऐवजीं एक लोखंडी पेटी पाहून परतलों.

घर एकत्र कुटुंबाचें. तिघे भाऊ, त्यांची वृद्ध आई, थोडी भातशेती. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या तेव्हां मधल्या भावाची मुलगी पांचवींत होती. बोलतांना ती अडखळे, आणि वर्गांत उभें राहून वाचणें तिला नकोसें होई. घरीं बसल्यावर तिची वाचा मोकळी झाली. तेव्हां शाळा उघडल्यावरहि आईनें तिला घरींच शिकवावयाचें ठरविलें. आतां ती पंधरा वर्षांची आहे. बरोबरीचा चुलत भाऊ यंदा दहावीस बसणार, म्हणून तिलाहि यंदाच बसावयाचें आहे. आजींची तक्रार निराळी. “पांच वर्षें घरांत शिकली म्हणतां, पण पोरीजवळ कागद कोणता?” असें त्या आमच्यादेखत म्हणाल्या. “गुरुजी, आपणच पाहून सांगा,” म्हणून मुलीच्या वडिलांनीं माळ्यावरील पेटी ओटीवर आणून ठेविली.

पेटींत तीन प्रकारच्या वह्या होत्या. आईची रोजनिशी, तींत रोजच्या दोनचार ओळी. मुलीच्या अभ्यासाच्या वह्या. आणि दर महिन्याअखेर त्यांतून निवडून, तारीख घालून ठेविलेले कागद. चूक झाल्यास खोडरबर चालवावयाचें नाहीं, एक रेघ मारून खालीं शुद्ध लिहावयाचें, हा नियम प्रथमपासून पाळलेला दिसला. तो आम्हांस फार आवडला. “आमची विहीर” या एकाच विषयावर दरवर्षीं एक निबंध लिहविलेला होता. पहिला चार ओळींचा. विहीर मोठी आहे, पाणी गोड आहे, एवढेंच. तिसऱ्यांत वाक्यें लांबलीं, पण अलंकारांची गर्दी फार. पांचव्यांत सुतळीस दगड बांधून कार्तिकांत व वैशाखांत पाणी किती हात उतरलें तें मोजलें आहे, आणि शेजारच्या विहिरीचें पाणी अधिक कां उतरलें असावें याविषयीं तर्क केला आहे. हे पांच कागद ओळीनें मांडल्यावर आजींनाहि चष्मा घालावासा वाटला.

पावसाची वही आम्हीं दोनदां वाचली. उभ्या बाजूंचा डबा अंगणांत ठेवून रोज सकाळीं पट्टीनें मिलिमीटर मोजावयाचे. २२ जुलै २०२१ च्या समोर आंकडा नाहीं. “डबा भरून वाहिला, माप घेतां आलें नाहीं,” एवढेंच आहे. त्याच दिवशीं महाड पुराखालीं गेलें आणि तळिये येथें दरड कोसळून वाडी गाडली गेली. अकरा वर्षांच्या मुलीनें अंदाजाचा आंकडा लिहिला नाहीं, याचें मोल आम्हीं मोठें मानतों. पहिल्या वर्षाच्या वह्या तेव्हां महाडास मावशीकडे होत्या, त्यांचा लगदा झाला. तेव्हांपासून पेटी माळ्यावर असते व प्रत्येक निवडक कागदाचें छायाचित्रहि ठेवतात.

रोजनिशींत मात्र दोष आहेत. दुसऱ्या वर्षीं पानोपानीं “छान”, “उत्तम” असे शेरे. त्यांवरून कांहींच कळत नाहीं. एके ठिकाणीं “नदी शब्द पाठ झाला” अशी नोंद होती. आम्हीं मुलीस विचारलें. तिनें प्रथमेपासून संबोधनापर्यंत न अडतां म्हटला. मग सप्तमीचें एकवचन तेवढें विचारलें, तर बोटें मोजीत पुन्हां प्रथमेपासून निघाली. म्हणून काय विचारलें व काय उत्तर आलें हें लिहावें, असें आम्हीं तिच्या आईस सुचविलें.

येथून जवळच नाते हें चिंतामणराव देशमुखांचें जन्मगांव. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली, हें आमच्या शिक्षकांनीं आम्हांस शंभरदां ऐकविलें. निकाल राहिला, पाटी तेव्हांच पुसली गेली.

सरकारदरबारीं या पेटीस काय किंमत? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांत घरच्या शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख नाहीं. शाळेबाहेरच्या बालकास वयानुरूप वर्गांत घेण्याची तरतूद आहे, पण तो कायदा चौदा वर्षांपर्यंतचा. राज्य मंडळाच्या दहावीस बाहेरून बसावयाचें तर १७ नंबरचा फॉर्म व शाळा सोडल्याचा दाखला लागतो. पांचवीचा तो दाखला घरांत आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेंत चौदा वर्षें पुरीं झालेल्यास माध्यमिकचा प्रवेश मिळतो. या दोन्ही वाटांवर पेटी कोणी उघडावयास सांगणार नाहीं.

आम्हांस मात्र तिच्याच आधारें उत्तर देतां आलें. गणिताच्या वह्यांत सहा महिन्यांत एकच चूक दोनदां नव्हती. इंग्रजी निबंधांत मात्र दीड वर्षांपूर्वींच्याच चुका अजून होत्या, आणि भूमितीचीं प्रमेयें अर्धवट सोडलेलीं. फॉर्म पुढील वर्षीं भरावा, असें आम्हीं सांगितलें. मुलीचे डोळे भरून आले. आईनें तिच्याच इंग्रजीच्या दोन वह्या, जुनी व नवी, तिच्यापुढें ठेविल्या. ती बराच वेळ पानें उलटीत बसली आणि मग “पुढच्या वर्षीं,” म्हणाली. आजींस तें अजून रुचलेलें नाहीं.