पोसणे आणि मान देणे

वाचक माउली, चीनमधील लू राज्यात इ.स.पूर्व ५५१ मध्ये जन्मलेल्या कन्फ्यूशियस यांनी 'रेन' म्हणजे माणुसकी आणि 'ली' म्हणजे रीतभात हा समाजाचा पाया सांगितला. त्याचा आरंभ घरातल्या आईबापांपासून. त्यांना नुसते जेवू घालणे म्हणजे सेवा नव्हे. कुत्र्या-घोड्यांनाही आपण पोसतोच, मग आदरावाचून वेगळेपण काय उरले, असा त्यांचा रोकडा सवाल. आईबाप चुकले तर हळुवारपणे सांगावे, पण मान सोडू नये, हीही त्यांची शिकवण.

सत्तरी ओलांडल्यावर हे मला फार पटते. ताट वेळेवर येते. पण कुणी घटकाभर शेजारी टेकले की घास गोड लागतो. तेव्हा माउली, आज ताट वाढाल तेव्हा जरा जवळ बसा.