पाठीवर ऊन

आयरिसचा गड्डा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला हळदीचा जेठा गड्डाच आठवला. तसाच गाठाळ, अंगावर तशीच वळी. न्यू जर्सीतल्या आमच्या शेजारच्या आजींनी ऑगस्टमध्ये आपलं दाटलेलं बेट फोडलं आणि कागदी पिशवीतून पाच गड्डे दिले. कसे लावायचे, हे मी विचारलंच नाही. वाईजवळच्या मळ्यात हळदीचं बेणं लावताना लहानपणापासून पाहिलेलं. चार बोटं माती वर ओढली, थोपटली, पाणी दिलं.

दोन मे महिने आले नि गेले. पाती आली, तलवारीसारखी, निळसर हिरवी. फूल एकही नाही.

त्या दुसऱ्या मेच्या अखेरीस मी अप्पर माँटक्लेअरच्या प्रेस्बी बागेत गेले. अमेरिकन आयरिस सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या फ्रँक प्रेस्बी यांच्या स्मरणार्थ १९२७ साली ही बाग टेकडीच्या पायथ्याशी सुरू झाली. जांभळी, मधाच्या रंगाची, काळ्याकडे झुकणारी फुलं. खाली झुकलेल्या पाकळीवरची ती दाट दाढी, मधमाशीला आत नेणारी. मी मात्र बुंध्याशी वाकून बसले. गड्डे उघडे होते! पोट मातीत आणि पाठ वर, कृष्णेत बसलेल्या म्हशींसारखे.

जुलैत माझे गड्डे उकरले. दोन मऊ पडले होते, हात लावताच घाण वास सुटला. आयरिसचा गड्डा म्हणजे त्याची कणगीच. ती उन्हात तापावी आणि कोरडी राहावी. ओल्या मातीखाली दबला की तो सडतो. जगला तरी पाती काढत राहतो, फुलत नाही. उरलेले तीन नव्याने लावले. खड्ड्याच्या मधोमध मातीचा छोटा वरंबा केला, त्यावर गड्डा बसवला, मुळं दोन्ही अंगांना उतरती सोडली. माती दाबायची ती मुळांवर. आमच्याकडची चिकण माती, म्हणून पाठ पूर्ण उघडी ठेवली. रेताड जमीन आणि कडक उन्हाळा असेल तिथे बोटाच्या पेराएवढी माती चालते. थंडीत जमीन गोठते, सुटते आणि न रुजलेला गड्डा वर फेकते. म्हणून हे काम हिमाच्या दीड-दोन महिने आधी उरकायचं.

त्याच उन्हाळ्यात आई आली होती. एका सकाळी पाहते तर तिन्ही गड्डे मातीखाली, शेजारी खुरपं.

"अगं, उघडे पडले होते. हिरवे पडतील ना! भर दिली मी."

हळदीच्या बाबतीत तिचं अक्षरशः खरं होतं. तिथे कंदच घरात यायचा असतो. उजेड लागला की त्याचा रंग बिघडतो, म्हणून अडीच-तीन महिन्यांनी भर द्यावीच लागते. इथे कंद जमिनीतच राहणार, यायचं ते फूल. मी सांगितलं. ती काही बोलली नाही, माझ्या शेजारी बसून बोटांनी माती बाजूला करू लागली. शेवटच्या गड्ड्यापाशी थांबली. "बर्फात कसं होईल गं यांचं?"

डिसेंबरात फोनवर पुन्हा तेच. "अंगावर काही घातलंस का त्यांच्या?"

"नाही आई."

मेमध्ये पहिलं फूल उमललं, फिकट निळं. व्हिडिओ कॉल लावून मी फोन त्याच्याजवळ धरला. आईनं घटकाभर पाहिलं.

"छान आहे. आता जरा खाली धर. गड्डे दाखव."