माया किती सोडायची

हेल्मचा नवा चार्ट हातात आला की मी आधी व्हॅल्यूजची फाइल उघडते, टेम्प्लेट्स नंतर. चार्ट लिहिणाऱ्याने वापरणाऱ्याचा किती विचार केलाय, ते तिथेच कळतं.

कुबरनेटीजवर साधं अॅप्लिकेशन चढवायचं म्हटलं तरी डिप्लॉयमेंट, सर्व्हिस, इन्ग्रेस, कॉन्फिगमॅप, सीक्रेट एवढं यामल लागतंच. टेस्टिंगला तेच, स्टेजिंगला तेच, प्रॉडक्शनलाही तेच. फरक असतो दोन-चार ओळींचा. नकला करत गेलं की कोणता फरक मुद्दाम केलाय आणि कोणता चुकून राहिलाय, हे कुणालाच सांगता येत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या हेल्मने यावर सुटसुटीत तोड काढली. टेम्प्लेट एकच ठेवायचं, बदलणारं तेवढं व्हॅल्यूजमध्ये काढायचं आणि सगळं मिळून आवृत्तीचा आकडा लावलेलं एक पॅकेज, म्हणजेच चार्ट, करायचं.

बदलणारं म्हणजे नेमकं काय, हे ठरवण्यातच या कामाचं कसब आहे असं मला मनापासून वाटतं. चांगला शिंपी शिवणीत माया सोडतो, पण सगळीकडे नाही; कुठे सोडायची हे तो अंग पाहून ठरवतो. आपल्याकडे मात्र कुणी टॉलरेशन मागितलं की एक व्हॅल्यू वाढते, कुणी जादा व्हॉल्यूम मागितला की आणखी एक. असं करता करता चार्टमध्ये अख्खं कुबरनेटीज पुन्हा अवतरतं, तेही कुठे नीट लिहून न ठेवलेल्या नावांनी. आमच्या टीममध्ये मी एकच आग्रह धरते: दोन ठिकाणी खरोखर वेगळं हवं असेल तरच व्हॅल्यू काढा. पुढेमागे लागेल म्हणून काढू नका.

कारण एकदा दिलेलं नाव परत घेता येत नाही, त्यावर दुसऱ्यांच्या फाइल्स उभ्या राहतात. शिवाय न ओळखलेल्या नावाबद्दल हेल्म आपणहून चकार शब्द काढत नाही. ‘रेप्लिकाकाउंट’च्या जागी कुणी ‘रेप्लिकाज’ लिहिलं, तर अपग्रेड बिनबोभाट पार पडतं, यशाचा संदेश येतो, आणि पॉड मात्र मुळात ठरवलेलाच, एक. म्हणून चार्टसोबत व्हॅल्यूजची स्कीमा फाइल द्यावी आणि तिच्यात अनोळखी नावांना मज्जाव करावा. मग तीच चूक क्लस्टरपर्यंत पोचायच्या आत अडते. ही सोय हेल्म ३ पासून आहे, तरी कितीतरी चार्ट तिच्याविना फिरताना दिसतात, याचं मला वाईट वाटतं.

काही गोष्टी तर विचारायच्याच नसतात, करून टाकायच्या असतात. कॉन्फिगमॅप बदलला म्हणून पॉड आपोआप नव्याने सुरू होत नाहीत. डिप्लॉयमेंटमधलं पॉडचं वर्णन जसंच्या तसं असतं, त्यामुळे कुबरनेटीजच्या लेखी काही घडलेलंच नसतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सेटिंग वाचणारं अॅप्लिकेशन मग जुन्याच किमतींवर चालत राहतं. उपाय एका ओळीचा आहे: तयार झालेल्या कॉन्फिगमॅपचा शा-२५६ चेकसम पॉडच्या अॅनोटेशनमध्ये लिहायचा. मजकूर बदलला की चेकसम बदलतो, त्याबरोबर पॉडचं वर्णन बदलतं आणि रोलआउट सुरू होतो. ही ओळ टेम्प्लेटमध्ये कायमची असावी, तिला चालू-बंदचं बटण नको. उलट, डिप्लॉयमेंटच्या सिलेक्टरमध्ये चार्टच्या आवृत्तीचं लेबल कधीच नको. सिलेक्टर नंतर बदलता येत नाही, म्हणून पहिलं इन्स्टॉल छान होतं आणि पुढचं अपग्रेड अडून बसतं.

रोलबॅकवरही लोक फार विसंबतात. सातव्या रिव्हिजनवरून पाचवीवर गेलं की हेल्म पाचवीचाच मजकूर घेऊन आठवी तयार करतं, त्यामुळे इतिहास पुसला जात नाही. ही रचना मला मनापासून आवडते. पण मधल्या मायग्रेशनने डेटाबेसमधला कॉलम काढून टाकला असेल, तर तो काही परत येत नाही. म्हणून जुन्या कॉलमचा वापर एका रिलीजमध्ये थांबवायचा आणि तो काढायचा पुढच्या एखाद्या रिलीजमध्ये, मागे फिरण्याची गरज उरलेली नाही याची खात्री पटल्यावरच.

हेल्मच्या स्वतःच्या इतिहासातला मला सर्वांत मोठा वाटणारा निर्णयही काढून टाकण्याचाच आहे. हेल्म २ मध्ये क्लस्टरच्या आत टिलर नावाचा सर्व्हर बसवावा लागे. त्याला बहुतेक ठिकाणी सगळे अधिकार दिलेले असत, आणि जो टिलरपर्यंत पोचला त्याच्या हातात ते अधिकार आपसूक येत. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेल्म ३ आलं आणि टिलर गेला. आता कमांड देणाऱ्याला जेवढी परवानगी, तेवढंच हेल्म करू शकतं.

आम्हीही अधूनमधून चार्ट घेऊन बसतो. कोणत्याही टीमने कधीच न बदललेली व्हॅल्यू दिसली की ती टेम्प्लेटमध्ये पक्की करतो आणि चार्टची मेजर आवृत्ती वाढवतो. अशा पुल रिक्वेस्ट तपासायला मी आपणहून मागून घेते.