विद्यापीठाचा पाहुणचार

"पूर्वीचे दिवस असते ना, तर तुला कार्त्सरमध्ये टाकलं असतं," खालच्या मजल्यावरच्या आजीबाई म्हणाल्या. माझा गुन्हा एवढाच, की रविवारी दुपारी माझ्या कुकरने शिट्ट्या दिल्या होत्या. जर्मनीत रविवार शांततेचा. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, गवत कापायचं यंत्र लावायचं नाही, रिकाम्या बाटल्या टाकायच्या पेटीकडे फिरकायचंसुद्धा नाही. इमारतीच्या नियमावलीत कुकरचं नाव नव्हतं, कारण ती लिहिणाऱ्याने तुरीची डाळ कधी शिजवली नसावी. आजीबाईंना आधी तो कारखान्याचा भोंगा वाटला, मग आगीची सूचना वाटली, आणि त्या अंगावर कोट चढवून जिन्यात येऊन उभ्या राहिल्या.

कार्त्सर म्हणजे विद्यापीठाचा स्वतःचा तुरुंग. सगळ्यात नावाजलेला हायडेलबर्गचा, एवढं सांगून आजीबाईंनी दार लावून घेतलं.

माझ्या डोक्यात तो तुरुंग घर करून बसला, त्याला आणखी एक कारण होतं. माझा निवास-परवाना वाढवण्यासंबंधीचं पत्र टपालाने आलं आणि आल्या पावली परत गेलं, कारण पत्रपेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. इथे पोस्टमन पत्त्यावरच्या माणसाला शोधत बसत नाही. पेटीवर नाव नसेल, तर तुम्ही त्या घरात राहत नाही. सांगलीला आमचा पोस्टमन घर बंद दिसलं तर शेजारच्या काकूंकडे पत्र ठेवून जातो. परवान्याची मुदत संपत आलेली, पत्र परतीच्या वाटेवर, आणि मी कागदोपत्री बेपत्ता; अशा वेळी तुरुंग हा शब्द थट्टेचा वाटत नाही. मित्रमंडळींना हा किस्सा आजही फार आवडतो. मला तो आवडायला लागला नवा परवाना हातात पडल्यानंतर.

शेवटी मी तो तुरुंग बघायला निघालेच. मी राहायची ते गाव फ्रँकफर्टच्या दक्षिणेला. तिथून रखडत जाणारी लोकल गाडी डाव्या हाताला द्राक्षांचे उतार दाखवत हायडेलबर्गला पोचवते. मुक्कामाची जागा मात्र नाव घेण्यासारखी नव्हती. एका खोलीत दुमजली पलंग, खालच्या पलंगावर घोरणारा गृहस्थ, आणि पलंगाच्या भाड्यात चादर धरलेली नाही. टॉवेलचे पैसे वेगळे, न्याहारीचे वेगळे, कपाटाच्या कुलपाचे वेगळे. भिंतीवर सूचनांचा कागद होता. तिथेही रात्री दहानंतर शांतता.

सकाळी प्रेक्षणीय स्थळं उरकली. लाल दगडाचा किल्ला फ्रेंच सैन्याने १६८९ आणि १६९३ मध्ये उद्ध्वस्त केला. पुढे डागडुजी चालू असताना १७६४ मध्ये वीज पडली, तेव्हापासून तो तसाच मोडका, म्हणून देखणा. तळघरात १७५१ सालचं सुमारे २ लाख २० हजार लिटरचं दारूचं पिंप आहे, त्याच्यापुढे उभं राहून सगळे फोटो काढतात, मीही काढला. जुना पूल, पुलाजवळचं ब्राँझचं माकड, नेकार नदी, सगळं ठीक. नदीकाठच्या एका रस्त्याला कवी इक्बाल यांचं नाव आहे. ते १९०७ मध्ये इथे जर्मन शिकत होते. आपल्या खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबांवर आयुष्य वेचणारे ग्युंटर सोन्थायमर याच विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवायचे. सांगलीच्या मुलीला बिरोबाबद्दलचं जाडजूड पुस्तक जर्मनमध्ये दिसावं, यात लाज वाटायची की अभिमान, याचा विचार करत मी आउगुस्टिनर गल्लीत शिरले.

तुरुंगाचं दार अगदी साधं. अरुंद लाकडी जिना चढून गेलं की भिंती सुरू होतात, आणि मग त्या संपतच नाहीत. जिन्यापासून छतापर्यंत इंचभर जागा कोरी नाही. मेणबत्तीच्या काजळीने काढलेल्या बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यांच्या काळ्या आकृत्या, प्रत्येकाच्या डोक्यावर आपापल्या विद्यार्थी-मंडळाच्या रंगाची टोपी, खाली नाव, तारखा, कधी गुन्हाही. एका काळ्या चेहऱ्याचं नाक काढताना हात हलला असावा, तर त्याने नाकाखाली झुबकेदार मिशी काढून निभावून नेलंय. लोखंडी पलंग, नावं कोरून खडबडीत झालेलं टेबल. कैद्यांनी खोल्यांना 'पॅले रॉयल', 'ग्रँड होटेल', 'सां सूसी' अशी नावं दिली होती, आणि संडासाला 'सिंहासनाची खोली'.

इथे येण्यासाठी करावं तरी काय लागे? रात्री दारू पिऊन गल्लीत आरडाओरडा, रस्त्यावरचे दिवे विझवणं, गावकऱ्यांची डुकरं मोकळी सोडणं, अंमलदाराला उलट बोलणं, द्वंद्वयुद्ध. विद्यापीठ १३८६ सालचं; विद्यार्थ्यांवर गावाची नव्हे, विद्यापीठाची सत्ता. शिक्षा काही दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत. सुरुवातीला पाणी आणि पाव, नंतर बाहेरून जेवण मागवायची मोकळीक, तासांना जाण्यापुरती सुटका. १८७८ मध्ये मार्क ट्वेन इथे राहिला होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे शिपाई घरी येऊन अदबीने विचारायचा, आणि विद्यार्थी म्हणायचा, आज नाही जमणार, अमुक दिवशी येतो. तुरुंगात शिरायचे अमेरिकी हिशेबाने वीस सेंट, बाहेर पडायचे वीस, दर दिवसाचे बारा, दिवा आणि शेकोटी वेगळी, कॉफीचे पैसे वेगळे. आदल्या रात्रीचं माझं बिल याच पद्धतीने झालं होतं. फक्त माझ्या मुक्कामाच्या खोलीत भिंतीवर चित्र काढायची परवानगी नव्हती.

खोलीत एक म्हातारे गृहस्थ कुणाच्या तरी गटाला माहिती देत होते. इतिहास शिकवून निवृत्त झालेले. गट निघून गेला, ते थांबले. "हा तुरुंग म्हणजे विद्यापीठाच्या स्वातंत्र्याची खूण," ते म्हणाले. "आपल्या मुलांना आपणच शिक्षा करू, राजाच्या शिपायाने हात लावायचा नाही."

मी म्हटलं, "सर, दिवे विझवणारा सुताराचा पोरगा कुठे जायचा?"

"गावच्या कोठडीत."

"आणि त्याला कॉफी?"

ते चिडले. मी शेवटच्या काही वर्षांची चित्रं पाहून सगळा इतिहास ठरवतेय, असं त्यांचं म्हणणं. कार्त्सर ही पहिली पायरी. पुढची पायरी विद्यापीठातून हकालपट्टी, आणि मग नोकरी, प्रतिष्ठा सगळं गेलं. हे मला पटलं. पण हकालपट्टीची भीती असलेला माणूस स्वतःचा चेहरा नाव-तारखेसह भिंतीवर काढून ठेवत नाही, हेही मी सोडलं नाही. ही पोरं बिनधास्त होती, कारण त्यांना माहीत होतं की ही शिक्षा घरच्यांनी केलेली आहे. हायडेलबर्ग ज्या बाडेन राज्यात होतं, त्याने जर्मनीत सगळ्यात आधी, १९०० मध्ये, मुलींना विद्यापीठात रीतसर प्रवेश दिला. मला त्या भिंतींवर एकही मुलगी दिसली नाही. नव्याने आत आलेल्याला दंगा परवडत नाही.

"१९१४ मध्ये बंद झाला," ते एकदम म्हणाले. "पोरं युद्धावर गेली." मग मी भिंतींवरच्या तारखा पुन्हा वाचत सुटले. १९१२, १९१३. टोपीखालच्या त्या चेहऱ्यांतले किती जण परत आले असतील, हा हिशेब त्यांनी केला नाही, मीही नाही.

दुपारी तत्त्वज्ञांची वाट चढून जायचा बेत होता. तो राहिला. आम्ही दोघं विद्यापीठाच्या चौकात जाऊन उभे राहिलो. १७ मे १९३३ च्या रात्री इथे विद्यार्थ्यांनी पुस्तकं जाळली. समोरच्या नव्या इमारतीच्या दारावर 'जिवंत चैतन्याला' अशी अर्पणपत्रिका होती, ती नाझींच्या काळात बदलून 'जर्मन चैतन्याला' केली होती. दिवा विझवला म्हणून कोंडणाऱ्या विद्यापीठात पुस्तकांना आग लावणाऱ्यांना कोंडायला कुणी उरलं नव्हतं. "तेही घरचेच होते," मी म्हटलं. या वेळी ते वाद घालायला थांबले नाहीत, चौक ओलांडून कॉफीच्या दुकानाकडे निघाले. बिल त्यांनी दिलं.

कॉफी पिताना त्यांनी विचारलं, "तुला कोंडलं असतं, तर तू भिंतीवर काय काढलं असतंस?"

"नाव, पासपोर्टचा क्रमांक, निवास-परवान्याची मुदत," मी म्हटलं, "आणि खाली लिहिलं असतं, साक्षांकित प्रत सोबत जोडली आहे."

ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "साक्षांकन कुठल्या कार्यालयाचं?"